‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी

प्रश्न असा: सिंधुदुर्गातल्या एका बंदरगावात धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या तरुण शिक्षिकेच्या शेजारचा सव्वीस वर्षांचा खलाशी होडी उलटून बेपत्ता झाला. देह मिळाला नाही. सातव्या दिवशी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर कुणीतरी त्याच्या आईला म्हणालं, “देवाची इच्छा होती, बाय.” आई म्हणाली, “मग तो प्रेमळ कसला?” सगळे गप्प. शिक्षिका विचारते, अशा वेळी ख्रिस्ती माणसानं काय सांगायचं? बायबलमध्ये याचं उत्तर नेमकं कुठे आहे?

बाई, शब्द सारखे असले तरी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्हाला समजून घ्यायचंय की देव सर्वशक्तिमान आहे, प्रेमळही आहे, तर मग दुःख कसं. त्याच्या आईनं, त्या काकींनी, विचारलं तो हंबरडा होता. तुमच्या प्रश्नाला विचारांनी बरंचसं उत्तर देता येतं आणि ते मी पुढे देतो. हंबरड्याला विचारांनी उत्तर दिलं की ते ऐकणाऱ्याला लागतं. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य बहुतेक वेळा बोलणाऱ्याची अवघडलेपणातून सुटका करतं. ऐकणारी आई होती तिथेच राहते, वर आता देवही आपल्या विरुद्ध आहे असं तिला वाटू लागतं.

शिवाय ते वाक्य शिकवणुकीलाही धरून नाही. देव जे इच्छितो आणि देव जे घडू देतो, यात चर्चनं पूर्वीपासून फरक केला आहे. कॅथलिक बायबलमधल्या ज्ञानग्रंथात (१:१३) सरळ लिहिलंय की मरण देवानं निर्माण केलं नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला (योहान ११:३५). मरण ही पित्याचीच हौस असती तर त्याला रडायचं कारण काय? आणि आपण रोज ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणतो ते कशासाठी? पृथ्वीवर अजून सगळं तिच्याप्रमाणे होत नाही म्हणूनच ना? जे घडलं ते सगळं आपोआप देवाच्या मनासारखंच असतं, तर ही मागणी मागायची गरजच नव्हती. हा एक मुद्दा वर्गात नीट बसवलात तरी पुष्कळ काम होईल.

आता ईयोब, सगळं गमावलेल्या एका नीतिमान माणसाचं बायबलमधलं पुस्तक. या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय आणि शेवटचं पान एवढंच लोक वाचतात, आणि ‘ईयोबासारखा धीर धर’ म्हणून मोकळे होतात. पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. तिसऱ्यापासून सदतिसाव्यापर्यंत नुसती बोलाचाली आहे आणि त्यात ईयोब धीर वगैरे धरत नाही. जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात. सुरुवात ते उत्तम करतात: सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत (२:१३). तोंड उघडतात तिथून बिघडतं. देव न्यायी आहे, तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असणार, हा त्यांचा एकच धोशा. शेवटी देव बोलतो तेव्हा निकाल काय देतो ते ४२:७ मध्ये बघा. देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर तो रागावतो, आणि त्याच्याशी भांडलेल्या ईयोबाबद्दल म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो हाच. वर्गात हे वचन मुलांकडून दोनदा वाचून घ्या. पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येत नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. ईयोबाचा अडतिसावा अध्याय फार सुंदर आहे, म्हणून तो शोकाच्या घरी वाचायचा मोह होतो. त्यात देव समुद्राला दारं लावतो आणि बजावतो, इथवर ये, याच्या पुढे नको. दर्यानं ज्यांचा मुलगा नेला त्यांच्यापुढे या ओळी कशा ऐकू जातील याचा विचार करा. मार्काच्या चौथ्या अध्यायातल्या वादळाचंही तेच. कोळीवाड्यातल्या चर्चमध्ये तो उतारा हमखास वाचला जातो, पण त्या घरात त्याचा अर्थ एकच निघतो: त्यांची होडी वाचवली, आमची का नाही? वाचायचाच असेल तर शिष्यांच्या आरोळीवर थांबा. येशू होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय आणि ते त्याला हलवून विचारतात, गुरुजी, आम्ही बुडतोय, याची तुम्हाला फिकीर नाही का? काकींनी विचारलं ते हेच आहे. आणि या आरोळीसाठी येशूनं त्यांना होडीतून उतरवलं नाही.

तळकोकणातल्या माणसाला हे समजायला खरं तर सोपं जावं, कारण आपल्याकडे गाऱ्हाणं आहे. देवळात मानकरी देवापुढे उभा राहून गावाची सगळी तक्रार तोंडावर मांडतो आणि मागचे लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत तिला दुजोरा देतात. त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याचपुढे गाऱ्हाणं घालतात. आपल्या कॅथलिक घरांतली म्हातारी माणसंही सायबिणीपुढे, म्हणजे मरियामातेपुढे, गाऱ्हाणंच घालतात, शब्दसुद्धा तोच. मग आपण शोकाच्या घरी येऊन ‘देवाला असं बोलू नये’ म्हणतो ते कुठून शिकलो कोण जाणे. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. विलापगीत नावाचं पाच अध्यायांचं अख्खं पुस्तक आहे.

एक गाऱ्हाणं जवळून बघू. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो: कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, मी कुठवर मनातल्या मनात झुरू, शत्रू कुठवर माझ्यावर चढून बसणार. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे: माझ्याकडे बघ, मला उत्तर दे, नाहीतर मी मरेन. पाचव्या-सहाव्यात एकदम भरवसा येतो. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मधे काय घडलं हे स्तोत्र सांगत नाही. कदाचित एक रात्र गेली असेल, कदाचित दोन वर्षं. आपली चूक अशी की कुणी पहिल्या वचनावर असताना आपण त्याला पाचव्यावर ओढतो.

आणि प्रत्येक वेळी पाचवं वचन येतंच असंही नाही. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. शेवटी गोड करायला कुणी एक ओळ जोडली नाही. ते तसंच्या तसं प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं, म्हणजे अशी प्रार्थनाही चालते.

वर्गातल्या मुलांकडून गाऱ्हाणं लिहून घ्यायचं असेल तर चार ओळी पुरतात. कुणाला बोलतोय, काय झालं, मला काय वाटतं, काय हवंय. दहा मिनिटं द्या. पाचवी ओळ, भरवशाची, ज्याला हवी त्यानं लिहावी. सक्ती केलीत की मुलं फळ्यावरची ओळ उतरवतात आणि सगळं खोटं होतं. वाचून दाखवायची सक्तीही नको. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचावं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीनंतर ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक’ म्हणावं, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, म्हणतो तसं. गाऱ्हाण्यात मागून दुजोरा देणारे लागतात. एकट्याचं गाऱ्हाणं फार जड होतं.

फरक एवढाच समजावून द्या की देवळातल्या गाऱ्हाण्याला नवस चिकटतो, ‘तू हे केलंस तर मी ते देईन’. स्तोत्रांतही नवस फेडण्याचे उल्लेख आहेत, नाही असं नाही. पण येशूनं वधस्तंभावर स्तोत्र २२ चं पहिलं वचन उच्चारलं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, तेव्हा देण्यासारखं त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. सौदा नाही, नुसतं गाऱ्हाणं.

आता सांत्वनाला येणारे जी वाक्यं बोलतात त्यांच्याबद्दल, कारण तुम्हाला ती अजून वर्षभर ऐकू येणार आहेत. ‘देवाला तो जास्त आवडला म्हणून नेला’ हे सगळ्यात वाईट, त्यातून घरात लहान मूल असेल तर फारच. पाच-सहा वर्षांचं मूल हे शब्दशः घेतं. मग ते रात्री दिवा मालवू देत नाही, चर्चमध्ये यायला कुरकुरतं, किंवा मुद्दाम वाईट वागू लागतं, कारण चांगलं वागलं तर देव नेतो असा त्यानं हिशेब लावलेला असतो. मुलाला साधं सांगा: होडी उलटली, काका बुडाला, आपल्याला सगळ्यांना खूप वाईट वाटतंय, येशूलाही वाटतंय. ‘झोपला’, ‘दूर गेला’ असंही म्हणू नका.

‘झेपेल तेवढंच देव देतो’ हे बायबलमध्ये असल्यासारखं सांगितलं जातं. ज्याचा आधार घेतात ते १ करिंथ १०:१३ मोहाबद्दल आहे, दुःखाबद्दल नाही. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात (१:८) प्रेषित पौल लिहितो की आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. पौलाला झेपलं नाही, तर काकींना झेपलंच पाहिजे असं का?

‘कुणाचं तरी पाप भोवलं’ याला येशूनं दोनदा तोंडावर नाही म्हटलंय. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा पापी होती असं वाटतं का, असं विचारून तोच ‘नाही’ म्हणतो (लूक १३). जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप याचं की आईबापांचं. तो म्हणतो, दोघांचंही नाही (योहान ९:३). आपल्याकडे प्राक्तन, भोग, पूर्वजन्म हे शब्द बोलण्यात इतके मुरलेत की ख्रिस्ती माणूसही ते सहज वापरतो. बोलणाऱ्याला टोकू नका, पण वर्गात लूकचा तेरावा अध्याय जरूर घ्या.

आणि ‘विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाही’. हे आजारपणात जास्त ऐकू येतं आणि घातक आहे. प्रार्थनासभेतून आल्यावर गोळ्या बंद करणारी माणसं असतात. पौल २ तीमथ्य ४:२० मध्ये जाता जाता लिहितो, त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. एवढंच. प्रेषित पौलाच्या सोबतचा माणूस, बरा झाला नाही, मागे ठेवावा लागला, आणि त्याच्या विश्वासाबद्दल पौल चकार शब्द काढत नाही.

रोमकरांस पत्र ८:२८, ‘सगळं मिळून भल्यासाठी’, हे वचन खरं आहे, पण ते बावीस आणि सव्वीस या वचनांच्या नंतर येतं. तिथे सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेणांनी कण्हते आणि पवित्र आत्माही शब्दांपलीकडच्या उसाशांनी मध्यस्थी करतो. त्याआधीचं कण्हणं गाळून अठ्ठावीसावं वचन सांगू नये. आणि शक्यतो ते दुःखी माणसानंच कधीतरी आपणहून म्हणावं, पाहुण्यानं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. विचारवंतांनी दिलेली मुख्य उत्तरं तीन, आणि तिन्हींना मर्यादा आहेत.

पहिलं स्वातंत्र्याचं. प्रेम करता यावं म्हणून माणूस मोकळा असायला हवा, आणि मोकळा माणूस वाईटही करू शकतो. संत ऑगस्टिनपासून हा विचार चालत आलाय. १९७४ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ आल्विन प्लांटिंगानं तो इतका काटेकोर मांडला की ‘देव आणि दुःख एकत्र असूच शकत नाहीत’ असं तर्कानं ठामपणे म्हणणं त्यानंतर अवघड झालं. बंदरावर हे रोज दिसतं. वादळी वाऱ्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागलेला असताना होडी सोडायला लावणारा मालक, आणि केबिनमध्ये बांधून ठेवलेली लाइफ जॅकेटं. त्यातलं किती देवाच्या माथी मारायचं? काही वेळा ‘देवाची इच्छा’ म्हणण्यात माणसाचा हलगर्जीपणा झाकला जातो, आणि ते मला सगळ्यात जास्त खटकतं.

पण वारा कुणी सोडला? तिथे दुसरं उत्तर येतं, सृष्टीच्या नियमांचं. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर तापलं की चक्रीवादळाला खाद्य मिळतं; तापलेल्या समुद्राची वाफच पाऊसही आणते, ज्यावर आपली भातशेती उभी आहे. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि १७ मे २०२१ चं तौक्ते त्याच समुद्रातून उठलं. नियम भरवशाचे नसते तर शेती, नौकानयन, औषध यातलं काहीच जमलं नसतं, आणि भरवशाचे नियम बुडणाऱ्यासाठी दर वेळी वाकत नाहीत. हे उत्तर मला पटतं, पण अर्धंच. इतकं दुःख का, आणि याच मुलाला का, हे त्यातून कळत नाही.

तिसरं, दुःखातून माणूस घडतो. दुसऱ्या शतकातल्या संत इरेनियसच्या लिखाणात याचं बीज आहे. काही माणसं घडतात हे खरं. काही मोडतात हेही खरं. म्हणून हे उत्तर स्वतःच्या दुःखाबद्दल वापरावं, दुसऱ्याच्या कधीच नाही. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या ज्याच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, नवीन रोप धरायला पुढे पाच-सात वर्षं, त्याला कुणी म्हणावं की देव तुला घडवतोय?

या तिन्ही उत्तरांचं काय होतं ते १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये दिसलं. सर्व संतांचा सण, सकाळची मिस्सा चालू, चर्चेस भरलेली, आणि भूकंप. मग लाटा, मग आग. वसई पोर्तुगिजांच्या हातून जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती, पण गोवा त्याच लिस्बनच्या ताब्यात होता. ‘हे जग शक्य तितकं उत्तमच आहे’ असं मांडणारा युरोपातला विचार त्या धक्क्यानंतर पूर्वीसारखा उभा राहिला नाही. तुम्ही एखादं उत्तर तयार केलंत तर ते ओटीवर बसलेल्या त्या काकींसमोर म्हणता येईल का, एवढं तपासा. म्हणता येत नसेल तर ते खोटं असेलच असं नाही. पण ते वर्गात ठेवा, त्या घरी नेऊ नका.

या सगळ्यात ख्रिस्ती म्हणून वेगळं काय, असं विचाराल तर क्रूस. दुःखाचं कारण सांगणारा देव बायबलात शोधलात तर फारसा सापडत नाही. दुःखात उतरलेला देव पानोपानी सापडतो. नाझींच्या तुरुंगातून डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकानं जुलै १९४४ मध्ये लिहिलं की दुःख भोगणारा देवच मदत करू शकतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं गेलं. आणि पुनरुत्थान झाल्यावरही येशूच्या हातांवरचे व्रण तसेच होते, विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले. पुनरुत्थानानं क्रूस पुसला नाही.

इथे एक सावधगिरी. ‘आपला क्रूस वाहा’ हे टाळता न येणाऱ्या दुःखाबद्दल आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हे सांगणं पाप आहे. तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या आणि सोबत जा. येशूनं आजाऱ्यांना बरं केलं, क्रूस वाहा म्हणून परत पाठवलं नाही.

आता त्या घराचं. पोलिसांत बेपत्ता झाल्याची नोंद झाली का, तिची प्रत घरात आहे का, मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि मच्छीमार सोसायटीत कळवलंय का, हे कुणीतरी बघा. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात अपघाती मृत्यूला पाच लाख मिळतात, पण देह नसला की कागद अडतात. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो, त्याआधी पुरावे लागतात. होडीवर सोबत असलेल्यांचे जबाब लवकर लिहून घ्या, पुढे आठवणी विस्कळीत होतात. हे धर्मशिक्षिकेचं काम नाही असं वाटेल. ईयोब ४२:११ बघा: शेवटी भाऊबंद आले, त्याच्याबरोबर जेवले आणि प्रत्येकानं एक नाणं आणि सोन्याची एक अंगठी दिली. सांत्वनाबरोबर पैसेही आणले.

देहाविना मिस्सा होऊ शकते, चर्चची परवानगी आहे. पण ती कधी करायची हे काकींनी ठरवावं. अजून वाट बघत असतील तर बघू दे. ‘आता मान्य करा’ असा आग्रह नातेवाईक धरतात तो स्वतःच्या सोयीसाठी. २ नोव्हेंबरला सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतील आणि त्यांना जायला कबर नसेल. फादरांशी आधीच बोलून दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी त्याच्या नावाची मेणबत्ती लावायची सोय करा.

पहिले पंधरा दिवस घर भरलेलं असतं. खरी गरज दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असते. आठवड्यातून एक वार ठरवा, पेजेचं भांडं घेऊन जा, अर्धा तास बसा. त्याचं नाव घ्या. नाव टाळलं की आईला वाटतं लोक विसरले. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे सुटलं, किंवा ‘मलापण जायचंय’ असं बोलणं आलं, तर प्रार्थना चालू ठेवाच पण डॉक्टरांकडे न्या. १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत सल्ला मिळतो.

आणि त्यांनी पुन्हा विचारलं, ‘मग तो प्रेमळ कसला?’ तर म्हणा, “काकी, मला ठाऊक नाही. मीपण त्याला हेच विचारतेय.” पुढे काही जोडू नका. त्यांना हवं असेल तर स्तोत्र १३ ची पहिली दोन वचनं एकत्र म्हणा, आणि दोनच म्हणा.

१ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठते. होड्या पुन्हा दर्यात जातील, बंदरावर गडबड असेल, आणि त्या घरातला धाकटा मुलगाही कदाचित खलाशी म्हणून जाईल, कारण कर्ज फेडायचंय. त्या दिवशी सकाळी काकींकडे जा. बंदराकडच्या ओटीवर बसायचं की मागच्या पडवीत, ते त्यांना विचारा.